वही कोणाची, गाणे कोणाचे आणि उत्तर कोणी द्यायचे

जळगाव जिल्ह्यातील एका संशोधक विद्यार्थिनीने मला लिहिलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाच्या लोकसाहित्य प्रकल्पात तिने तीन वर्षे मानधनावर प्रकल्प साहाय्यक म्हणून काम केले. अमळनेर, पारोळा, साक्री आणि शिरपूर तालुक्यांतील गावांमधून कानबाई या देवीच्या उत्सवाची, आखाजीची (अक्षय तृतीयेची) आणि जात्यावरची अहिराणी, म्हणजे खान्देशी बोलीतली, गाणी तिने ध्वनिमुद्रित केली, ती पुन्हा पुन्हा ऐकून वह्यांत उतरवली आणि अडलेल्या शब्दांचे अर्थ गायिकांनाच विचारून समासात लिहिले. आता प्रकल्प संपला असून सर्व मूळ साहित्य जमा करण्याचे पत्र तिला आले आहे. तिच्या टिपणांवर बेतलेला एक लेख प्रकल्पप्रमुखांनी स्वतःचे नाव पहिले आणि तिचे तिसरे घालून छापला आहे. तिच्या पीएच.डी.चा विषयही हाच आहे, आणि सगळ्या साहित्याची एक प्रत तिच्या पेन ड्राइव्हवर आहे, जिच्याविषयी तिने कोणालाही सांगितलेले नाही. पत्राच्या शेवटी ती लिहिते की शिरपूरकडच्या एका गावातील आजी तिला परवा पुन्हा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मन्हं गानं तू लिखी लई गई व माय, आते ते कोठे शे?" (माझे गाणे तू लिहून घेऊन गेलीस ग बाई, आता ते कोठे आहे?) आणि याचे उत्तर तिला देता आले नाही. "तीन वर्षे मी राबले, म्हणजे हे सगळे माझेच आहे ना?" असा तिचा सरळ प्रश्न आहे.

मी चौतीस वर्षे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठी शिकवले, पीएच.डी.चे मार्गदर्शन केले, हस्तलिखितांच्या संग्रहांत काम केले आणि निवृत्तीनंतर अशाच तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवरही बसले. त्या अनुभवावरून उत्तर लिहिते आहे. ते थोडे लांबेल, कारण तुमच्या "माझे" या एका शब्दात चार वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत: वस्तू आज कोणाच्या ताब्यात आहे, कायद्याने तिची मालकी कोणाची आहे, श्रेय कोणाला जाते, आणि उद्या कोणी त्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवले तर उत्तर कोणी द्यायचे.

हा फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्याच्या एकाच कागदावर दोन नमुने असतात. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. हक्क वरच्या भागात लिहिला जातो आणि शेतात प्रत्यक्ष काय उभे आहे ते खालच्या भागात. वीस वर्षे एकाच शेतात राबलेल्या सालदाराला पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, बांधालगतची जमीन कधी वाफशावर येते आणि कपाशीवर पहिली कीड कोणत्या बाजूने चढते हे मालकापेक्षा जास्त ठाऊक असते. तेवढ्याने सातबारा सालदाराच्या नावे होत नाही, हे जितके खरे तितकेच हेही खरे की सातबारा मालकाच्या नावे असल्यामुळे ते ठाऊक असणे मालकाकडे जात नाही. संशोधनाच्या आणि नोकरीच्या जगात ही साधी गोष्ट आपण विसरतो. मग प्रमुखाला वाटते की प्रकल्प माझा, म्हणून त्यातून निघालेले सगळे विचारही माझे. आणि साहाय्यकाला वाटते की कष्ट माझे, म्हणून वह्याही माझ्या.

आधी कायद्याचे सांगते, कारण ते तुलनेने लवकर आटोपते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार कृतीचा लेखक हाच तिचा पहिला मालक असतो. परंतु नोकरीच्या करारानुसार, नोकरीचे काम म्हणून ती कृती तयार झाली असेल आणि उलट काही ठरलेले नसेल, तर पहिली मालकी नोकरी देणाऱ्याची असते. काम शासनाच्या निर्देशाखाली झाले असेल तर तेथेही अशीच तरतूद शासनाच्या बाजूने आहे. तेव्हा तुमच्या नेमणूकपत्रात काय लिहिले आहे, ते पत्र नोकरीचे आहे की ठरावीक कामाच्या मानधनाचे आहे, आणि प्रकल्पाला निधी देणाऱ्या संस्थेच्या अटी काय आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे तुम्ही सर्वांत आधी मिळवा. माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींत अर्जदाराने स्वतःचे नेमणूकपत्र सहीच्या दिवसानंतर पुन्हा उघडलेले नसे. ध्वनिमुद्रणाचे आणखी वेगळे आहे. कायद्याच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा लेखक म्हणजे त्याचा निर्माता, अर्थात ज्याने ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. यंत्र महाविद्यालयाचे, प्रवासखर्च प्रकल्पाचा आणि कार्यक्रम प्रकल्पाने आखलेला असेल, तर मुद्रणावर संस्थेचा दावा बळकट आहे, हे तुम्ही मनाशी मान्य केलेले बरे.

परंतु मालकी गेली म्हणजे सगळे गेले असे होत नाही. याच कायद्याचे कलम 57 लेखकाला मालकीपासून स्वतंत्र असे दोन हक्क देते: ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा. मालकी दुसऱ्याला लिहून दिल्यानंतरही हे हक्क लेखकाकडेच राहतात. दुसरे असे की कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला किंवा माहितीला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितले आहे. कानबाईच्या गाण्यांत माहेरची वाट कशी येते याविषयी तुमच्या मनात जे निरीक्षण तयार झाले, ते कोणीही तुमच्याकडून जमा करून घेऊ शकत नाही. संशोधनासाठी केलेल्या रास्त वापराला कलम 52 मध्ये मुभा आहे. म्हणून प्रबंध लिहिता येईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंशय होय असे आहे. फक्त तो स्वतःच्या वाक्यांत लिहा, मूळ साहित्य कोठे आहे ते नमूद करा आणि वापराची अनुमती लेखी मागून घ्या.

येथे नोकरी करणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडे बाजूला जाऊन सांगते. जळगावच्या डाळमिलमध्ये एक मिस्त्री मी जवळून पाहिला आहे. तुरीला तेल चोळून, पाणी देऊन उन्हात टाकायची आणि मग भरडायची, हे तर सगळ्याच मिलमध्ये करतात. पण या मालाला तेल किती आणि पाणी किती, हे तो मूठभर दाणे दोन तळव्यांत घासून, सुटलेल्या टरफलाकडे पाहून ठरवत असे. यंत्र मालकाचे, तूर मालकाची, गिऱ्हाइकांची यादीही मालकाचीच. मात्र त्या तळव्यांतले ज्ञान मिस्त्रीचे. तो दुसऱ्या मिलमध्ये गेला तर ते त्याच्यासोबत जाणारच, आणि नोकरी सोडल्यानंतर तू हा धंदाच करू नकोस अशी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 समोर साधारणपणे टिकत नाही. गिऱ्हाइकांची यादी किंवा गुपित म्हणून सोपवलेली माल बनवण्याची रीत घेऊन जाणे ही मात्र निराळी गोष्ट आहे, तेथे हात लावू नये. त्या मिस्त्रीने जाण्याआधी दोन महिने एका पोराला आपल्या शेजारी उभे केले होते. ते त्याने कोणत्याही कराराने बांधलेला असल्यामुळे केले नव्हते. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्याकडे ते पुढे देण्याचे देणे लागते, एवढे त्याला पक्के कळत होते, आणि मी हे अनेक विभागप्रमुखांपेक्षा त्याच्याकडून शिकले आहे.

आता ताब्याविषयी. मला तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या एका चुकीत आहे.

1987 ते 1990 या काळात मी तापीकाठच्या गावांतून साठ कॅसेट भरून गाणी मुद्रित केली होती. माझी बदली झाली तेव्हा मी त्या एका संस्थेच्या स्वाधीन केल्या. दोन पत्र्याच्या पेट्या, वर दोरीने बांधलेल्या किल्ल्या, आणि "साठ कॅसेट मिळाल्या" अशी एका ओळीची पोच. कोणत्या कॅसेटवर कोणते गाव, कोणती गायिका, कोणता सण, हे सगळे माझ्या डोक्यात आणि माझ्या एका हिरव्या वहीत होते. वही मी माझ्याजवळ ठेवली, कारण ती मला माझी वाटत होती. बारा वर्षांनी मी पेट्या उघडायला गेले तेव्हा निम्म्या कॅसेटवर बुरशी चढली होती आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पेटीच्या तळाशी पडल्या होत्या. ज्या वाजत होत्या त्यांतून आवाज येत होते, पण ते आवाज कोणाचे हे तेथे कोणालाच सांगता येत नव्हते. मधल्या काळात घर बदलताना ती हिरवी वही माझ्याकडूनही गहाळ झाली होती. संस्थेने पेट्या नीट ठेवल्या नाहीत हा त्यांचा दोष होताच. तरी त्या बायकांची नावे पुसली गेली ती माझ्यामुळे. मी वस्तूचा ताबा दिला आणि ज्ञान जवळ ठेवले, आणि दोन्ही वाया गेले.

सरकारी कचेरीत "चार्ज देणे" म्हणतात त्याचा खरा अर्थ मला तेव्हा कळला. तलाठी बदलून जातो तेव्हा तो नुसते दप्तर देत नाही. कोणते फेरफार प्रलंबित आहेत, कोणत्या गटाचा वाद चालू आहे, हेही यादीने सांगून दोघांच्या सह्या होतात. ग्रंथालयात दाखलनोंद वही आणि जडसंग्रह नोंदवही यांवरून एकेक वस्तू पडताळून घेतल्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र मिळत नाही. संशोधन प्रकल्पात मात्र आपण खुर्च्या आणि संगणक मोजून घेतो, तीन वर्षांच्या समासातल्या टिपांची मोजदाद करत नाही. म्हणून तुम्हाला माझा आग्रहाचा सल्ला असा की जमा करण्याच्या पत्राला अन्याय समजून उत्तर टाळू नका, उलट ते पत्र ही तुमच्या हाती आलेली संधी आहे. प्रत्येक मुद्रणाची एक ओळ याप्रमाणे यादी करा: दिनांक, गाव, गायिकेचे नाव, गाण्याचा प्रसंग, मुद्रण कोणी केले, लेखन कोणी केले, अर्थ कोणी सांगितला. "मुद्रण कोणी केले" आणि "लेखन कोणी केले" या रकान्यांत तुमचे नाव शेकडो वेळा येईल. यादीच्या दोन प्रती करा, प्रत्येक पानावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची सही घ्या, आणि एक प्रत तुमच्याजवळ ठेवा. पुढे कोणताही वाद उद्भवला तर दहा तक्रार अर्जांपेक्षा हा एक कागद तुमच्या अधिक उपयोगी पडेल.

आणि तो पेन ड्राइव्ह. तो लपवून ठेवू नका, हे मी कठोरपणे सांगते. लपवलेली प्रत तुमच्या प्रबंधात पाऊल टाकताच उघडी पडेल, आणि तेव्हा तुमच्या खऱ्या कष्टांवरही संशय येईल. त्याच यादीसोबत असे लिहून द्या की कामाच्या सोयीसाठी केलेली एक प्रत माझ्याजवळ आहे, ती पीएच.डी.च्या संशोधनापुरती वापरण्याची अनुमती द्यावी, आणि ती मी कोठेही प्रसिद्ध करणार नाही. संस्थेने नकार दिला तर तो लेखी मागा. नकार लेखी देण्याची वेळ आली की बहुतेक ठिकाणी अनुमती मिळते, असा माझा अनुभव आहे.

संस्थेकडे साहित्य जाण्याची तुम्हाला जी धास्ती वाटते ती मी समजू शकते, तरी धुळ्याकडे एकदा या दृष्टीने पाहा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावी फिरून, लोकांच्या माळ्यांवरून आणि देवघरांतून कागद जमवत आयुष्यभर राबले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात निवर्तले. त्यांच्यामागे ते संचित विखुरले नाही, याचे कारण 1927 मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी ठिकठिकाणच्या रामदासी मठांतून बाडे मिळवून समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. या दोन्ही ठिकाणी मी बसून काम केले आहे. लाल कापडाचा रुमाल सोडताना आतल्या कागदावर जमवणाऱ्याच्या हातची बारीक नोंद दिसते, हा कागद अमुक गावी अमुक घरी मिळाला अशी, आणि त्या एका ओळीमुळे शंभर वर्षांनंतरही त्या घराचा त्या कागदाशी असलेला संबंध तुटत नाही. जमवणारा मालक झालेला नाही, ज्याचे घर होते त्याचे नाव गेलेले नाही, आणि संस्थेने फक्त सांभाळ केला आहे. तुमच्या साहित्याचेही असेच व्हावे यासाठी भांडण करायचे असेल तर अवश्य करा.

प्रकल्पाला सार्वजनिक पैसा लागलेला असतो, हेही ध्यानात असू द्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके 1128 चा, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या आरंभीचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याला निकुंभ राजांनी दान दिले, आणि लेखाच्या जुन्या मराठीतल्या भागात पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा कोणता हिस्सा मठाकडे जाईल त्याची नोंद आहे. खान्देशात विद्येचा खर्च बाजारातल्या माणसांकडून उचलला जाण्याची रीत आठशे वर्षांची आहे. ज्या विद्येचे मोल आठवडे बाजाराने दिले ती एका प्राध्यापकाच्या कपाटात किंवा एका विद्यार्थिनीच्या पेन ड्राइव्हवर बंद राहणे मला सारखेच अयोग्य वाटते.

लेखावरच्या नावाविषयी आता. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी यासाठी चार कसोट्या ठरवल्या आहेत आणि त्या आज इतर शाखांतही मानल्या जातात: कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा असावा, मजकूर लिहिण्यात किंवा त्याच्या गाभ्याची चिकित्सक दुरुस्ती करण्यात भाग असावा, अंतिम मजकुराला संमती दिलेली असावी, आणि कामाच्या प्रत्येक भागाच्या खरेपणाबद्दल उत्तर देण्याची तयारी असावी. नुसता निधी मिळवून देणे किंवा सर्वसाधारण देखरेख करणे लेखकत्वाला पुरत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात असते. मराठीच्या विभागांत या कसोट्या फारशा माहीत नाहीत. मार्गदर्शकाचे नाव घालणे हा मान आहे अशी समजूत आहे, आणि अनेक मार्गदर्शक ते वाईट हेतूने करत नाहीत. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याच्या निबंधावर माझे नाव येऊ दिले होते. चर्चासत्रात एका ओवीतल्या शब्दावर प्रश्न आला, सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मला उत्तर ठाऊक नव्हते. तेव्हापासून मी चौथ्या कसोटीला पहिली मानते.

तुमच्या लेखाला ती लावून पाहा. तुम्ही पाठवलेल्या छापील लेखात एका ठिकाणी "रोट" हा शब्द "रोटी" असा छापला आहे. कानबाईचे रोट ही नुसती पोळी नव्हे. कुळाच्या माणशी मोजून घेतलेल्या गव्हाचा तो नैवेद्य असतो आणि तो भाऊबंदकीतच खाल्ला जातो. एका वेलांटीने त्या ओळीतला सगळा कुळाचार नाहीसा झाला. तुमच्या वहीच्या समासात "रोट, भाऊबंदकीबाहेर देत नाहीत" असे स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणजे ही चूक ज्याने शेवटचा मजकूर तयार केला त्याची आहे. परंतु तिसऱ्या क्रमांकाला का होईना, तुमचे नाव तेथे आहे, आणि शिरपूरची एखादी बाई तो लेख वाचेल तेव्हा ती तुम्हालाही विचारेल. म्हणून प्रमुखांना भेटताना नावाच्या क्रमापासून सुरुवात करू नका. आधी चुकीची दुरुस्ती मागा, नियतकालिकाकडे शुद्धिपत्र पाठवू या म्हणा, आणि त्याच वेळी प्रत्येकाचा वाटा काय होता याची दोन ओळींची नोंद त्यात घालण्याचा आग्रह धरा. मजकूर कोणाला समजतो हे त्या बैठकीत आपोआप दिसेल. प्रमुखांनी प्रश्नावली आखली असेल, गाण्यांचे वर्गीकरण केले असेल, तर त्यांचा वाटाही तुम्ही मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. तीन वर्षांच्या रागात तो दिसेनासा होणे स्वाभाविक आहे, तरी योग्य नाही.

बोलून मार्ग निघाला नाही तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम आहेत. दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून मांडणे ही वाङ्मयचौर्याची व्याख्या त्यांत आहे, आणि प्रत्येक संस्थेत तक्रार पाहणारी समिती असणे त्यांनी बंधनकारक केले आहे. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, चाळीस टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, साठ टक्क्यांपर्यंत एक वर्ष प्रबंध देण्यास मनाई होते आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते, हे आकडे विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. टक्केवारी मोजणारे सॉफ्टवेअर जुळणारे शब्द तेवढे शोधते. ज्या बाईने अर्थ सांगितला तिचे नाव गाळले, हे त्याला कधीच सापडणार नाही. ते तुम्हालाच सांभाळावे लागेल. तुमचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येईल अशा रीतीने राहणार आहे, तेव्हा सांभाळ त्या हिशेबाने करा.

याच ठिकाणी आपण त्या आजींपाशी येतो. कायदा त्यांना सर्वस्वी विसरलेला नाही. गाणाऱ्या व्यक्तीला कलाकार म्हणून कलम 38 खाली हक्क आहे आणि तो 50 वर्षे टिकतो. प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठी केलेले मुद्रण कलम 39 मुळे त्या हक्काचा भंग ठरत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुम्ही प्रबंधासाठी त्यांचा आवाज ऐकू शकता, पण प्रकल्पातल्या कोणी तेच मुद्रण यूट्यूबवर चढवले किंवा विकले तर तेथे संशोधनाची ढाल चालणार नाही, त्यांची संमती लागेल. गाणे मात्र त्यांच्याही आधीचे आहे. ते त्यांच्या आईकडून आणि सासूकडून आलेले आहे. अशा समाईक मालकीची कायद्याला अगदीच ओळख नाही असे नाही. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या मानांकनाची खरेदी-विक्री किंवा हस्तांतरण होऊ शकत नाही. ते त्या मातीत पिकवणाऱ्या सगळ्यांचे राहते. लोकगीतांना असे कवच अजून नाही, म्हणून ते काम लिहून घेणाऱ्याच्या सचोटीवर पडते.

आपल्या विद्यापीठाला 2018 मध्ये ज्यांचे नाव मिळाले त्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी कागदावर उतरवली, आणि त्या गेल्यानंतर 1952 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. हस्ताक्षर दुसऱ्यांचे होते, प्रसिद्धीसाठी धडपडणारे दुसरे होते, आणि मुखपृष्ठावर नाव बहिणाबाईंचे होते. ते नाव तेथे नसते तर काय झाले असते, याचा विचार मी प्रत्येक नव्या संशोधकाला करायला सांगत आले आहे.

तेव्हा जमा करण्याच्या तारखेच्या आधी त्या आजींकडे जा. त्यांचा आवाज एका मेमरी कार्डवर उतरवून न्या आणि त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर लावून दाखवा, म्हणजे पहिले उत्तर त्यांना कानांनी मिळेल. मग गाणे कोणत्या गावच्या कोणत्या संस्थेत ठेवले जाणार आहे, ते कोणाच्या नावाने नोंदलेले आहे आणि उद्या कोणाला हवे झाले तर कोणाला विचारायचे, हे अहिराणीत समजावून सांगा. नाव छापलेले चालेल का, हे विचारा. नको म्हणाल्या तर फक्त गावाचे नाव ठेवा, आणि एखादे गाणे घराबाहेर जाऊ नये असे त्यांना वाटत असेल तर ते यादीतच वेगळे दाखवून त्यावर तसा शेरा लिहा. त्या संमती देतील तेव्हा नुसता अंगठा घेऊन येऊ नका. त्यांचे म्हणणे मुद्रित करा आणि त्या मुद्रणाचा क्रमांक यादीत शेवटच्या रकान्यात टाका. "रोट" विषयी त्यांनी आणखी काही सांगितले तर तेही त्याच दिवशी समासात लिहून घ्या, दिनांकासह आणि त्यांच्या नावासह, आणि शुद्धिपत्र पाठवताना ते सोबत जोडा.